गाठ तेवढीच, पण आतून बदललेली

पोटातल्या कर्करोगावर गोळी सुरू होऊन दोन महिने झाले. फेरतपासणीचा सीटी स्कॅन झाला आणि रिपोर्टात लिहून आले, की गाठीचा व्यास आधीपेक्षा थोडा वाढला आहे. औषध लागू पडत नाही, असाच अर्थ घरातले सगळे काढतात. कधीकधी डॉक्टरही काढतात. पोटातल्या काही गाठींच्या बाबतीत हा अर्थ साफ चुकीचा असू शकतो, आणि त्या चुकीपायी गुण देत असलेले औषध बंद होऊ शकते. टार्गेटेड औषधे आली तेव्हा कर्करोगाचे उपचार बदलले, हे आता बहुतेकांना माहीत आहे. या औषधांनी स्कॅन वाचण्याची रीतही बदलायला लावली, याची चर्चा मात्र रेडिओलॉजीच्या वर्तुळाबाहेर फारशी होत नाही. माझे मत स्पष्ट आहे: या औषधांवर असलेल्या रुग्णाचा स्कॅन केवळ मोजपट्टीने वाचणे धोक्याचे आहे. गाठ किती मोठी आहे याच्या जोडीला ती आतून कशी दिसते आणि तिला रक्त किती पोचते, हे पाहिलेच पाहिजे.

गाठ मोजून औषधाचा गुण ठरवायचा, ही पद्धत आली कुठून? १९७६ साली मोर्टेल आणि हॅन्ली यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मऊ गादीवर बारा भरीव गोळे मांडून त्यांवर फोमचा थर पसरला आणि सोळा अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना ते हाताने चाचपून मोजायला सांगितले. रुग्णाच्या पोटातली गाठ त्या काळी अशीच मोजली जात असे. एकाच गोळ्याची मापे माणसागणिक बदलली. मापात पन्नास टक्के घट दिसली तरच ती खरी मानावी, म्हणजे मोजण्यातली चूक औषधाच्या नावावर जमा होणार नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला. १९७९च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत हाच पन्नास टक्क्यांचा आकडा आहे. गाठीची लांबी-रुंदी गुणायची आणि गुणाकार निम्म्यावर आला तर औषधाला प्रतिसाद आहे म्हणायचे. २००० साली रेसिस्ट निकष आले आणि काम सोपे झाले. फक्त सर्वांत लांब व्यास घ्यायचे आणि त्यांची बेरीज करायची. बेरीज तीस टक्क्यांनी घटली तर प्रतिसाद. आतापर्यंतच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा वीस टक्क्यांनी वाढली तर आजार बळावला. २००९च्या सुधारणेत मोजायच्या गाठींची संख्या दहावरून पाचावर आणि एका अवयवात जास्तीत जास्त दोनवर आली, आणि बेरीज किमान पाच मिलिमीटरने वाढलेली असावी ही अटही घातली गेली. बाकी गाभा तोच राहिला.

या निकषांना मी कमी लेखत नाही. जगभरच्या चाचण्यांना त्यांनी एक सामाईक भाषा दिली. पण त्यांच्यामागचे गृहीतक केमोथेरपीच्या काळातले आहे: औषध पेशी मारते, पेशी मेल्या की गाठ आक्रसते. पेशी मेल्यावरही गाठ जागच्या जागी राहिली तर काय करायचे, हा प्रश्न त्या काळी फारसा पुढे आलाच नव्हता.

तो पुढे आणला जिस्टने, म्हणजे जठर आणि आतड्याच्या भिंतीत उगवणाऱ्या गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमरने. हा आजार तसा विरळ. निम्म्याहून अधिक गाठी जठरात असतात, मग लहान आतड्यात; पसरल्या तर बहुधा यकृतात आणि पोटाच्या आतल्या आवरणावर. नेहमीच्या केमोथेरपीला हा आजार जवळजवळ दाद देत नसे. १९९८ मध्ये जपानमधल्या ओसाकाच्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की या गाठींमध्ये किट नावाच्या जनुकात बिघाड होतो, त्यातून बनणारे प्रथिन कायम चालू राहते आणि पेशी वाढत राहतात. हे प्रथिन बंद पाडू शकणारे एक औषध वेगळ्याच आजारासाठी, रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारासाठी, तयार होत होते. ते म्हणजे इमॅटिनिब. मार्च २००० मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीत जिस्ट सर्वत्र पसरलेल्या एका पन्नास वर्षांच्या बाईंना ते देण्यात आले. महिन्याभरातच त्यांच्या गाठी अर्ध्यावर आल्या, आणि गाठ किती सक्रिय आहे हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनवर आधी ठळक चमकणाऱ्या जागा विझल्या. योएनसू आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही एका रुग्णाची हकीकत छापली. पुढच्याच वर्षी १४७ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले: सुमारे ५४ टक्क्यांत गाठी लक्षणीय आक्रसल्या, आणखी २८ टक्क्यांत आजार स्थिर राहिला. गाठ पूर्णपणे नाहीशी मात्र एकाही रुग्णात झाली नाही.

आकाराने न घटलेल्या त्या २८ टक्क्यांच्या गाठींत नेमके काय चालले होते, इथून पुढची सगळी चर्चा सुरू होते.

जिस्टची मोठी गाठ उपचारापूर्वी सीटीवर पाहिली तर ती गजबजलेली दिसते. शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट औषध तिच्यात भरभरून जाते, आत रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसतात, कडेला उजळ भाग, मध्ये सडलेला काळपट भाग, असे सगळे मिसळलेले असते. इमॅटिनिब लागू पडले की काही आठवड्यांत हे चित्र पालटते. उजळ भाग मावळतात, रक्तवाहिन्या दिसेनाशा होतात आणि संपूर्ण गाठ एकसारखी, करडी-काळी होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पेशी विरळ झालेल्या असतात आणि त्यांची जागा बुळबुळीत, चिकट किंवा काचेसारख्या दिसणाऱ्या तंतुमय पदार्थाने घेतलेली असते. त्या पदार्थाला जागा लागतेच. म्हणून गाठ महिनोन्‌महिने आकाराने तशीच राहते. आत रक्तस्राव झाला किंवा तो चिकट पदार्थ फुगला तर ती मोठीही होते.

हा बदल आकड्यात पकडता येतो, कारण सीटीच्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यामागे एक संख्या असते. ज्यांच्या यंत्रावर ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला त्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्याच नावाने ही घनता मोजतात. पाण्याची घनता शून्य आणि हवेची उणे हजार. कॉन्ट्रास्ट भरलेली जिवंत गाठ सत्तर-ऐंशी हाउन्सफील्डच्या आसपास असू शकते. औषध लागलेली गाठ पाण्याकडे झुकते, वीस-तीसपर्यंतही उतरते.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या हेसुन चोई आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हीच संख्या निकषात बसवली. त्यांनी ४० रुग्णांच्या १७२ गाठी उपचारापूर्वी आणि दोन महिन्यांनी सीटीवर पाहिल्या आणि पेट स्कॅनशी ताडून घेतल्या. व्यास दहा टक्क्यांनी घटला किंवा घनता पंधरा टक्क्यांनी उतरली, यांपैकी काहीही एक घडले तरी औषधाला प्रतिसाद आहे असे मानायचे, असा त्यांचा प्रस्ताव. पेट स्कॅनने ज्यांना गुण आला असे सांगितले, त्यांपैकी ९७ टक्के रुग्ण या निकषाने ओळखता आले. रेसिस्टने ओळखले ५२ टक्के. म्हणजे औषधाने गुण दिलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना मोजपट्टीने दोन महिन्यांनंतर ‘प्रतिसाद नाही’ असे सांगितले असते. निकषांवर लिहिलेल्या ढीगभर कागदांपेक्षा हे दोन आकडे मला जास्त बोलके वाटतात.

इथे यकृतातल्या गाठींबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सर्वांत मोठी फसगत तिथे होते. जिस्टच्या काही गाठी यकृतात आधीपासूनच असतात, पण कॉन्ट्रास्ट त्यांच्यात आणि भोवतालच्या यकृतात इतके सारखे भरते की त्या वेगळ्या दिसतच नाहीत. औषध सुरू झाल्यावर त्या काळपट होतात आणि उजळ यकृताच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात. आधीच्या स्कॅनमध्ये तीन गाठी होत्या, आता सात दिसतात! रेसिस्टच्या भाषेत नवी गाठ म्हणजे आजार वाढला, चर्चा संपली. प्रत्यक्षात त्या चार गाठी नव्या नसतात. औषधाने त्या उघड्या पाडलेल्या असतात. यावर उपाय एकच: जुना स्कॅन पुन्हा उघडून त्याच जागी बारकाईने पाहायचे, आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर वेगवेगळ्या क्षणी घेतलेली चित्रे तपासायची. रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठी पहिल्या तीस-पस्तीस सेकंदांच्या धमनी-टप्प्यात उजळ दिसतात आणि सत्तर सेकंदांच्या सुमारास, पोर्टल शिरेच्या टप्प्यात, यकृतात मिसळून जातात. पहिल्या वेळी एकच टप्पा घेतला असेल तर पुढच्या प्रत्येक तुलनेला तो उणेपणा चिकटतो.

याच्या अगदी उलट फसगतही आहे, आणि ती अधिक घातक. औषधाने शांत झालेल्या, काळपट, मोठ्या गाठीच्या आत एका कोपऱ्यात सेंटिमीटरभराचा उजळ ठिपका दिसू लागतो. बाहेरचा व्यास बदललेला नसतो; मोजपट्टीच्या हिशेबाने आजार स्थिर. पण तो ठिपका म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या पेशींची नवी वस्ती. त्या पेशींच्या किट जनुकात दुसरा बिघाड झालेला असतो आणि इमॅटिनिब त्यांना रोखू शकत नाही. गाठीच्या पोटातली ही गाठ वेळेवर दिसली तर शस्त्रक्रिया, डोस वाढवणे किंवा सुनिटिनिब, रेगोराफेनिब, रिप्रेटिनिब यांसारखी पुढची औषधे, असे मार्ग खुले असतात. संपूर्ण गाठ वीस टक्क्यांनी फुगेपर्यंत थांबले तर महत्त्वाचे महिने जातात. चोई निकषांत गाठीच्या आत नवा घट्ट भाग दिसणे हे आजार वाढल्याचे लक्षण म्हणून स्पष्ट लिहिले आहे. मला विचाराल तर त्या निकषांचे सर्वांत मोठे देणे घनतेचा आकडा नसून ही ओळ आहे.

गाठ काळपट झाली, पाण्यासारखी झाली, म्हणजे आजार संपला असा समज होणे साहजिक आहे. गोळ्या थांबवाव्यात का, हा प्रश्न मग हमखास येतो. फ्रान्समधल्या एका चाचणीने त्याचे उत्तर दिले आहे. वर्षभर इमॅटिनिब घेऊन आजार आटोक्यात असलेल्या रुग्णांपैकी काहींचे औषध थांबवले, काहींचे चालू ठेवले. थांबवलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांचा आजार पुन्हा वाढला. चालू ठेवलेल्या २६ पैकी ८ जणांचा. स्कॅनवर गाठ शांत दिसते तेव्हा ती औषधाने दाबून ठेवलेली असते. म्हणून पसरलेल्या जिस्टमध्ये औषध लागू पडते आणि सोसते तोवर ते चालू ठेवतात.

यकृतात मूळ धरणाऱ्या कर्करोगाने, हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाने, हाच प्रश्न वेगळ्या वाटेने विचारला. २००८ मध्ये सोराफेनिबच्या शार्प चाचणीचे निष्कर्ष आले. ६०२ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १०.७ महिने, न घेणाऱ्यांचे ७.९ महिने. आणि रेसिस्टप्रमाणे गाठ लक्षणीय आक्रसलेले रुग्ण किती? दोन टक्के. जे औषध आयुष्य वाढवते ते शंभरात अठ्ठ्याण्णवांच्या गाठी मापाने लक्षणीय घटवत नाही, ही विसंगती औषधातली नव्हती, मोजणीतली होती. अशा औषधाने रक्तवाहिन्यांची वाढ रोखली जाते; गाठीचा गाभा सडतो, कवच राहते. युरोपीय तज्ज्ञांनी २००१ मध्येच सुचवले होते, की यकृताच्या गाठीत फक्त जिवंत भाग मोजावा. २०१० मध्ये लेन्चिओनी आणि योव्हेत यांनी ते नीट बांधून सुधारित रेसिस्ट तयार केला: धमनी-टप्प्यात जो भाग उजळतो तेवढाच मोजायचा, काळा पडलेला गाभा सोडून द्यायचा.

सोराफेनिबचे नाव मुंबईशी जोडलेले आहे. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी मुंबईतून दिलेल्या आदेशाने हैदराबादच्या नॅटको कंपनीला या औषधाचा सक्तीचा परवाना मिळाला. भारतातला असा तो पहिलाच. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला. वर्षभराने, १ एप्रिल २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या सुधारित रूपावरचा नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त पर्यायांची वाट खुली राहिली. या निर्णयांची चर्चा औषधाच्या किमतीपुरतीच झाली. पण गोळी आवाक्यात आली की रुग्ण वर्षानुवर्षे तिच्यावर राहतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याचा स्कॅन होतो. तो स्कॅन नीट वाचणाऱ्याची गरज त्याच प्रमाणात वाढली.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या यकृतातल्या गाठी बेव्हॅसिझुमॅब या औषधावर कशा बदलतात, हे २००९ मध्ये एम. डी. अँडरसनच्याच गटाने दाखवले. त्यांनी कोणताही आकडा न मोजता केवळ रूप पाहिले. उपचारापूर्वी या गाठी खडबडीत असतात आणि कडा यकृतात विरघळल्यासारख्या दिसतात. चांगला प्रतिसाद आला की गाठ एकसारखी काळी होते आणि तिची कड पातळ, रेखीव होते. ज्यांच्या गाठींचे रूप असे पालटले ते अधिक काळ जगले. रेसिस्टच्या मोजमापाचा आयुर्मानाशी तसा मेळ बसला नाही. नजरेवर भिस्त ठेवणारी ही पद्धत अनेकांना अशास्त्रीय वाटते. मला तसे वाटत नाही. ठरावीक वर्णन डोळ्यांसमोर ठेवून जाणत्या माणसाने पाहणे हीसुद्धा एक मोजणीच आहे.

मूत्रपिंडाच्या कर्करोगात सुनिटिनिबवर गाठी आतून सडतात आणि उजळपणा गमावतात. तिथेही घनतेवर आधारलेले निकष सुचवले गेले आहेत. स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन गाठींत सुनिटिनिबने आजार रोखून धरण्याचा मध्यक काळ ५.५ वरून ११.४ महिन्यांवर नेला, तरी लक्षणीय आक्रसलेल्या गाठी दहा टक्क्यांहून कमी रुग्णांत होत्या. इम्युनोथेरपीचे गणित निराळे आहे. तिथे प्रतिकार करणाऱ्या पेशी गाठीत शिरल्यानेही ती फुगू शकते, आणि त्यासाठी २०१७ मध्ये स्वतंत्र निकष झाले.

औषधाचे दुष्परिणामही याच चित्रांत उमटतात आणि ते आजार समजून वाचले जाण्याचा धोका असतो. इमॅटिनिबने अंगात पाणी साठते: त्वचेखाली सूज, छातीत किंवा पोटात पाणी. जिस्टच्या रुग्णाच्या पोटात पाणी दिसले की आजार पसरला असे पटकन वाटते. गाठी शांत असतील आणि पाणी सर्वत्र सारखे असेल तर आधी औषधाकडे बोट दाखवावे. बेव्हॅसिझुमॅबवर असलेल्या रुग्णाच्या आतड्याला क्वचित छिद्र पडते. आतड्याबाहेर हवेचे बुडबुडे दिसले तर रिपोर्ट टाइप होण्याची वाट न पाहता उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा लागतो. एव्हरोलिमस या आणखी एका टार्गेटेड औषधावर असलेल्याच्या पोटाच्या स्कॅनमध्ये वरच्या चित्रांत फुप्फुसाचा तळ दिसतो. तिथली नवी धूसर झाक औषधाने आलेली असू शकते, तिच्यावरून नजर घसरू देऊ नये.

घनतेच्या निकषांतही उणिवा आहेत. हाउन्सफील्डचा आकडा कॉन्ट्रास्ट किती दिले, किती वेगाने दिले, किती सेकंदांनी चित्र घेतले, यंत्राचा विद्युतदाब किती होता, यावर हलतो. पंधरा टक्के ही घट मोठी नाही. सत्तरवर असलेली गाठ साठच्या खाली आली की ती पूर्ण होते, आणि एवढा फरक नुसत्या वेळेच्या गफलतीनेही पडू शकतो. सेंटिमीटरभराच्या गाठीत घनता मोजणे भरवशाचे नाही. चोई निकष इमॅटिनिबवरच्या जिस्टसाठी घडले. दुसऱ्या आजारांत, दुसऱ्या औषधांवर ते तितके चालतीलच असे नाही. मोठ्या औषधचाचण्यांत आजही रेसिस्टच वापरला जातो. पण चाचणीत हजार रुग्णांची सरासरी काढायची असते आणि तपासणीच्या खोलीत एकाचाच निर्णय घ्यायचा असतो. चाचणीचा निकष खोलीत जसाच्या तसा आणणे मला मान्य नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी एका कारणाने अवघड होतो. परळच्या टाटा मेमोरियलला किंवा पुण्या-नागपूरच्या रुग्णालयात उपचार चालू असतात आणि मधले स्कॅन गावाजवळच्या सेंटरवर होतात. एक स्कॅन तीन टप्प्यांचा, पुढचा एकाच टप्प्याचा, तिसरा मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढले म्हणून कॉन्ट्रास्टशिवाय. अशा तीन स्कॅनांवर घनतेची तुलना करता येत नाही, आणि मग पुन्हा मोजपट्टीच उरते. सेंटर बदलले तरी टप्पे तेच ठेवता येतात. चिठ्ठीवर तसे लिहिलेले असावे लागते एवढेच. त्या चिठ्ठीवर बहुधा ‘फॉलोअप’ एवढेच असते. आजार कोणता, औषध कोणते, कोणत्या तारखेपासून, डोस केव्हा बदलला, या चार गोष्टी लिहिल्या तर रेडिओलॉजिस्टला चित्राचा अर्थ लावता येतो. इमॅटिनिब चालू आहे हे त्याला ठाऊक नसेल, तर यकृतातल्या चार काळ्या गाठींना तो ‘नव्या’ म्हणेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

रुग्णाच्या घरच्यांच्या हातातही थोडे आहे. उपचारापूर्वीचा पहिला स्कॅन सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच अनेकदा हरवतो. फिल्मवर घनता मोजता येत नाही. सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ चित्रे असतील तरच ती मोजता येते. म्हणून प्रत्येक वेळी सेंटरवरून मूळ चित्रे मागून घ्यावीत, पहिल्यापासूनची सगळी एकत्र ठेवावीत, आणि स्कॅनला जाताना गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे. रिपोर्टात ‘आकार वाढला’ असे आले तर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: गाठीची घनता आधीपेक्षा वाढली की उतरली? आणि आत कुठे नवा उजळ भाग दिसतो का? उत्तर देण्यासाठी त्यांना जुनी आणि नवी चित्रे शेजारी-शेजारी लावून पाहावी लागतील, आणि औषध बदलायचे की नाही ते त्यानंतर ठरवता येईल.